जनुकांचा कुलवृत्तान्त

आपल्याकडे अनेक घराण्यांचे कुलवृत्तान्त छापून प्रसिद्ध झालेले आहेत. असा एखादा ग्रंथ उघडला म्हणजे प्रथम वंशवृक्ष दिसतो. मूळ पुरुष, त्याचे पुत्र, त्यांच्या शाखा, आणि पुढें प्रत्येकाच्या नांवासमोर त्याच्या कर्तृत्वाची एखाददुसरी ओळ. कोणी पेशव्यांच्या पदरीं कारकून होता, कोणी वैद्यकी करी, कोणी काशीस जाऊन राहिला. चिकित्सक वाचक अशा ओळीपाशीं थांबून विचारतो, हें कशावरून? सनद आहे, पत्र आहे, कीं घरांत पूर्वापार सांगत आले म्हणून लिहिलें आहे? इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचे खंड प्रसिद्ध करून अस्सल कागद पाहण्याची ही संवय महाराष्ट्राला लावली. आज जीवशास्त्रांतहि असाच एक प्रचंड कुलवृत्तान्त लिहिला जात आहे. तो माणसांचा नसून जनुकांचा आहे. परंतु तो वाचतांनाहि हाच प्रश्न विचारावा लागतो. तो कसा वाचावा हें आमच्या वाचकांस थोडक्यांत सांगावें, असें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय केवळ प्रयोगशाळेंतला आहे अशी कोणी समजूत करून घेऊं नये. रक्त किंवा लाळ तपासून जनुकांचा अहवाल देण्याची सोय आतां मोठ्या शहरांतून झालेली आहे. अशा अहवालांत एखाद्या जनुकाचें नांव येतें आणि त्यापुढें तें काय करतें याची एक ओळ येते. त्या एका ओळीवरून घरांतील वडील मंडळी लग्नाचा, अपत्याचा किंवा औषधोपचाराचा विचार करूं लागतात. ती ओळ कोठून आली आणि तिच्यावर किती भार टाकावा, हें ज्यास ठाऊक नाहीं, तो विनाकारण भयभीत होईल, किंवा विनाकारण निश्चिंत राहील.

कुळें कशीं जुळतात

जनुक म्हणजे पेशींतील डी. एन. ए. नामक लांब रेणूवरील एक लेख होय. बहुतेक परिचित जनुकांत एखादें प्रथिन कसें गुंफावें याचा क्रम लिहिलेला असतो. प्रथिन ही वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ समजावी. कोणता मणी कोणत्या मण्यामागून ओंवावयाचा हें जनुक सांगतें; माळ पुरी झाली म्हणजे ती घडी घालून एक ठराविक आकार घेते, आणि त्या आकारावर तिचें काम अवलंबून असतें. मनुष्याच्या ठायीं अशीं प्रथिनें घडविणारीं जनुकें सुमारें २०,००० आहेत.

पिढ्यान् पिढ्या या लेखाच्या नकला होत असतां कधीं कधीं एखादें संपूर्ण जनुकच दोनदां उतरलें जातें. मग एक प्रत जुनें काम सांभाळते व दुसरीस बदलण्याची मोकळीक मिळते. कोट्यवधि वर्षांनंतर ती दुसरी प्रत निराळेंच काम करतांना आढळते. सुसुमु ओनो या शास्त्रज्ञानें १९७० मध्यें या क्रियेवर स्वतंत्र ग्रंथ लिहून उत्क्रांतींत तिचें महत्त्व किती थोर आहे हें दाखविलें. एका मूळ जनुकापासून अशा रीतीनें उत्पन्न झालेल्या समूहास जनुककुळ म्हणतात.

कुळें जुळविण्याचें काम मण्यांचे क्रम एकमेकांशेजारीं मांडून होतें. अमेरिकेंतील मार्गारेट डेहॉफ या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं १९६५ मध्यें तोंपर्यंत ठाऊक असलेले क्रम एका ग्रंथांत संकलित केले. त्यांत अवघीं ६५ प्रथिनें होतीं. आज हें काम संगणकावरील कोश करतात. त्यांपैकीं पॅन्थर नामक एकाच कोशांत १५,००० हून अधिक कुळांचे वृक्ष आहेत, आणि जंतूंपासून मनुष्यापर्यंत शंभरांहून अधिक जीवजातींचीं जनुकें त्यांत बसविलेलीं आहेत.

आसवें आणि दूध

एकच कुळ उदाहरणादाखल घेऊं. कारण तें प्रत्येक घराच्या परिचयाचें आहे. आपल्या आसवांत, लाळेंत व नाकाच्या स्रावांत लायसोझाइम नांवाचें एक प्रथिन असतें. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं लंडन येथें त्याचा शोध लावून १९२२ मध्यें तो प्रसिद्ध केला. पेनिसिलीनची कीर्ति त्यांस पुढें मिळाली. पुष्कळशा सूक्ष्मजंतूंच्या अंगाभोंवतीं साखरेच्या साखळ्यांनीं विणलेली एक भिंत असते. लायसोझाइम त्या साखळ्या तोडतें आणि जंतु फुटून मरतो. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या भागांतहि हें विपुल असतें. त्या अंड्यांतील लायसोझाइमची माळ १२९ मण्यांची असून, तिचा आकार डेव्हिड फिलिप्स व त्यांचे सहकारी यांनीं १९६५ मध्यें क्ष-किरणांच्या साहाय्यानें उलगडला. ३५ वा व ५२ वा हे दोन मणी साखळी तोडण्याच्या कामीं मुख्य आहेत, हें त्यावरून कळून आलें.

आतां दुधाकडे वळूं. दुधास जी मंद गोडी असते ती लॅक्टोज या साखरेची. स्तनग्रंथींत ही साखर तयार होण्यास अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन नांवाचें प्रथिन लागतें. याची माळ १२३ मण्यांची. १९६७ मध्यें ब्रू, व्हॅनामन व हिल यांनीं हिचा क्रम लायसोझाइमच्या क्रमाशेजारीं मांडला, तेव्हां एक आश्चर्य दृष्टीस पडलें. दर पांच मण्यांपैकीं जवळ जवळ दोन मणी जागच्या जागीं तेच होते! पुढें आकारहि तसाच आढळला. दोन्हीं प्रथिनें एकाच कुळांतील, यांत संशय राहिला नाहीं.

परंतु काम मात्र अगदीं वेगळें. अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन जंतूंची भिंत तोडीत नाहीं. त्यासाठीं लागणारी रचना त्याच्या ठायीं उरलेली नाहीं. तें स्वतः साखरहि जोडीत नाहीं. साखर जोडणारें एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारें प्रथिन, शरीरांत आधींपासून असतें व एरवीं दुसऱ्याच ठिकाणीं साखर जोडीत असतें. अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन त्याच्या जोडीस बसतें आणि त्याचा हात ग्लुकोजकडे वळवितें. मग लॅक्टोज तयार होतें. एक भाऊ दारावर शस्त्र घेऊन उभा, आणि दुसरा मुदपाकखान्यांत आचाऱ्याचा मदतनीस, असा हा प्रकार आहे.

या कुळाचा वृक्ष पाहिला म्हणजे आणखी एक मौज दिसते. या दोन शाखा पक्षी व सस्तन प्राणी वेगळे होण्याच्याहि पूर्वीं फुटलेल्या आहेत. त्यामुळें मनुष्याचें लायसोझाइम हें मनुष्याच्याच अल्फा-लॅक्टाल्ब्युमिनपेक्षां कोंबडीच्या लायसोझाइमला अधिक जवळचें आहे. त्या दोहोंतील सुमारें ६० टक्के मणी समान आहेत. एका छपराखालीं राहणारीं तेवढीं जवळचीं, असा हिशेब येथें चालत नाहीं. वॉल्टर फिच यांनीं १९७० मध्यें या दोन नात्यांस दोन नांवें दिलीं. जीवजाती वेगळ्या झाल्यामुळें जीं जनुकें दुरावलीं तीं ऑर्थोलॉग. आणि जनुकाची दुसरी प्रत निघाल्यामुळें जीं वेगळीं झालीं तीं पॅरालॉग. ऑर्थोलॉगांचें काम पुष्कळदां सारखें राहतें. पॅरालॉगांचें बदलण्याचा संभव अधिक. म्हणून कुळाचें नुसतें नांव वाचून भागत नाहीं, शाखा पाहावी लागते.

काम तेंच राहून स्थळ बदलावें, असेंहि घडतें. गाईच्या जठरांत आधीं जंतूंकडून चारा आंबविला जातो व मग ते जंतूच पचविले जातात. हें पचन साधण्यास गाईनें लायसोझाइम जठरांत कामास लाविलें आहे. मनुष्यांत त्याचें एकच जनुक, तर गाईच्या वर्गांत सुमारें दहा जनुकें आढळतात. आपल्या देवळांभोंवतीं व घाटांत दिसणारें हनुमान लंगूर पानें खाऊन याच रीतीनें पोट भरतें. त्याच्याहि जठरांत लायसोझाइम असून, गाईच्या जठरांतील लायसोझाइममध्यें झालेले कांहीं बदल लंगुराच्या ठायीं स्वतंत्रपणें झालेले आहेत, असें १९८७ मध्यें दाखविण्यांत आलें.

तीन रकाने

इतकें कळल्यावर प्रश्न येतो कीं, हें सर्व कोशांत लिहावयाचें कसें? पूर्वीं माशीचा अभ्यासक एक शब्द वापरी, किण्वाचा अभ्यासक दुसरा, उंदराचा अभ्यासक तिसरा. एकाच कामास तीन नांवें पडल्यावर यंत्रास तुलना करतां येईना. म्हणून १९९८ मध्यें या तिन्ही जीवांच्या कोशकारांनीं एकत्र येऊन समान परिभाषा ठरविण्याचा उपक्रम आरंभिला. तो जीन ऑन्टॉलॉजी या नांवानें प्रसिद्ध आहे. तिच्यांत प्रत्येक जनुकाच्या कार्याचे तीन रकाने असतात.

पहिला रकाना, प्रथिन स्वतःच्या हातानें काय करतें याचा. दुसरा, तें कोणत्या मोठ्या कार्यांत सहभागी आहे याचा. तिसरा, तें कोठें असतें याचा. घरांत लग्नकार्य असलें कीं एखादी काकू स्वयंपाकघरांत नारळ खवीत बसते. नारळ खवणें हें तिचें हातचें काम. लग्न हें मोठें कार्य. स्वयंपाकघर हें स्थळ. लायसोझाइमपुढें पहिल्या रकान्यांत जंतूंच्या भिंतींतील साखळी तोडणें, दुसऱ्यांत जंतूंपासून संरक्षण, आणि तिसऱ्यांत पेशीबाहेरील स्राव, असें लिहितां येईल. अल्फा-लॅक्टाल्ब्युमिनच्या दुसऱ्या रकान्यांत संरक्षणाच्या जागीं लॅक्टोजची निर्मिति येईल. हे रकाने वेगळे ठेवून वाचले नाहींत, तर नारळ खवणाऱ्या काकूसच लग्न लावणारी समजण्यासारखा घोटाळा होतो.

हें कशावरून?

या नोंदींचें सर्वांत मोलाचें अंग म्हणजे प्रत्येक नोंदीसोबत जोडलेली पुराव्याची खूण. नवखा वाचक नेमकी तीच ओलांडून पुढें जातो. या खुणांचे मुख्य प्रकार तीन मानण्यास हरकत नाहीं.

पहिला प्रकार प्रत्यक्ष प्रयोगाचा. प्रथिन वेगळें काढून त्याचें काम नळींत पाहिलें, किंवा जनुक बिघडवून काय होतें तें पाहिलें. १९९४ मध्यें अल्फा-लॅक्टाल्ब्युमिनचें जनुक निकामी केलेल्या उंदरांचें वर्णन प्रसिद्ध झालें. त्या माद्यांच्या दुधांत लॅक्टोज नव्हतें. दूध इतकें घट्ट झालें कीं पिलांस तें ओढतां येईना. लॅक्टोज दुधांत पाणी ओढून आणतें, तें नसल्यानें असें घडलें. हें प्रथिन दुधासाठीं अत्यावश्यक आहे, या विधानास याहून भक्कम सनद कोणती हवी?

दुसरा प्रकार वंशवृक्षावरून केलेल्या अनुमानाचा. जाणकार संपादक संपूर्ण वृक्ष पुढें घेतो. कोणत्या फांद्यांवर प्रयोगाचा पुरावा आहे तें पाहतो. कोणत्या पूर्वजापाशीं हें काम सुरू झालें असावें आणि कोणत्या फांटीवर तें लोपलें असावें तें ठरवितो. त्या पूर्वजाच्या वंशजांस तें काम लावलें जातें, परंतु जेथें तें लोपलें त्या फांटीस वगळून. हें अनुमान खरें, पण विचारपूर्वक केलेलें. याच पद्धतीनें मानवी जनुकांच्या कार्याचा जो मोठा संग्रह २०२५ मध्यें प्रसिद्ध झाला, त्यांत प्रथिनें घडविणाऱ्या जनुकांपैकीं सुमारें ८२ टक्क्यांच्या कार्याविषयीं कांहींना कांहीं नोंद करतां आली.

तिसरा प्रकार यंत्रानें आपोआप केलेल्या नोंदीचा. क्रमांत साम्य दिसलें, म्हणून काम लावून दिलें; कोणा मनुष्यानें ती नोंद स्वतंत्रपणें तपासलेली नाहीं. अशा नोंदी निरुपयोगी नव्हेत; नव्या जीवाचीं हजारों जनुकें पुढें आलीं असतां दुसरा उपायहि नसतो. परंतु त्या सनदा नव्हेत, ‘असें ऐकतों’ या जातीच्या आहेत.

याखेरीज दोन लहान खुणा लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. एक नकाराची: अमुक प्रथिन अमुक काम करीत नाहीं असें प्रयोगानें ठरलें, तर तसें स्पष्ट लिहितात. दुसरी शोध घेऊनहि कांहीं न सांपडल्याची: संपादकानें वाङ्मय धुंडाळलें, पण माहिती आढळली नाहीं. रिकामा रकाना म्हणजे जनुक बेकार आहे असा अर्थ कोणीं करूं नये. त्याचा अर्थ एवढाच कीं तें काम अजून कोणीं पाहिलेलें नाहीं.

चूक कशी पसरते

अल्फा-लॅक्टाल्ब्युमिनचा इतिहास कोणासच ठाऊक नाहीं असें क्षणभर धरूं. एखादें यंत्र त्याचा क्रम पाहील, लायसोझाइमशीं ४० टक्के साम्य मोजील आणि ‘हें जंतुनाशक विकर’ असें लिहून मोकळें होईल. उद्यां दुसऱ्या प्राण्याचें तसेंच जनुक आलें म्हणजे तें या नव्या नोंदीशीं ताडून त्यासहि तीच पाटी लागेल. चार पिढ्यांनंतर शंभर जनुकांवर एकच पाटी दिसेल, आणि पाहणारा म्हणेल, एवढे सगळे सांगतात तें खोटें कसें असेल? वस्तुतः सांगणारा एकच. बाकीचे त्याचे प्रतिध्वनि.

ही भीति काल्पनिक नाहीं. २००९ मध्यें श्नोज, बॅबिट व त्यांचे सहकारी यांनीं विकरांचीं ३७ चांगलीं अभ्यासलेलीं कुळें घेऊन सार्वजनिक कोशांतील नोंदी तपासल्या. संपादकांनीं हातानें तपासून भरलेल्या स्विस-प्रॉट या कोशांत चुका अगदीं थोड्या निघाल्या. परंतु ज्या मोठ्या कोशांत यंत्राच्या नोंदींचा भरणा होता, तेथें चुकीच्या नोंदींचें सरासरी प्रमाण कुळांच्या गटागटाप्रमाणें ५ पासून ६३ टक्क्यांपर्यंत आढळलें. आणि ३७ पैकीं १० कुळांत तर एखाद्या ना एखाद्या कोशांत ८० टक्क्यांहून अधिक नोंदी चुकीच्या होत्या. संख्येनें सत्य ठरत नाहीं, ही जुनीच शिकवण येथें आंकड्यांनीं सिद्ध झाली.

नांव आणि रोग

जनुकाचें नांवहि पुष्कळदां फसवें असतें. कारण नांव पडतें तें प्रथम गांठ पडली त्या प्रसंगावरून. बी-सी-एल-११-ए हें जनुक रक्तांतील एका जातीच्या पेशींच्या कर्करोगाच्या संदर्भांत आढळलें, म्हणून त्यास त्या रोगाचें नांव मिळालें. परंतु २००८ मध्यें असें दिसून आलें कीं, जन्मानंतर गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन बंद ठेवण्याचें कामहि तेंच करतें. या शोधाचा आपल्या प्रांताशीं निकट संबंध आहे. विदर्भांतील व नंदुरबारकडील आदिवासी बांधवांत सिकल सेल हा रक्तविकार आढळतो. त्यांत प्रौढ हिमोग्लोबिनाच्या एका साखळींतील एकच मणी बदललेला असतो. गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन ज्यांच्या रक्तांत टिकून राहतें त्यांस त्रास कमी होतो. तेव्हां रक्त तयार करणाऱ्या पेशींत या जनुकाचा जोर कमी करावा, या विचारावर आधारलेल्या उपचारास ब्रिटनमध्यें नोव्हेंबर २०२३ मध्यें मान्यता मिळाली. नांवावर विसंबून हें जनुक केवळ कर्करोगाच्या खात्यांत टाकून दिलें असतें, तर हा उपचार हातीं लागला नसता.

उलट, कार्याची नोंद अगदीं बिनचूक असूनहि तिच्यावरून रोगाचा अंदाज चुकूं शकतो. लायसोझाइमच्या जनुकांत विशिष्ट एका मण्याचा बदल झाला, तर एक दुर्मिळ आनुवंशिक विकार होतो. तो १९९३ मध्यें ओळखण्यांत आला. नोंद वाचणारा म्हणेल कीं अशा मनुष्यास जंतूंची बाधा वारंवार होत असेल. पण खरा प्रकार निराळा आहे. बदललेल्या प्रथिनाची घडी नीट बसत नाहीं, आणि त्याचे धागे मूत्रपिंड, यकृत इत्यादि अवयवांत साचत जातात. बिघाड काम अडल्यामुळें होत नाहीं. प्रथिनाच्या साचण्यामुळें होतो. जनुकाचें कार्य आणि जनुकाचा रोग या दोन निराळ्या नोंदी आहेत, हें यावरून ध्यानांत येईल.

वाचकांनीं काय करावें

एखादा अहवाल हातीं आला असतां वैद्यांस चार प्रश्न नम्रपणें अवश्य विचारावेत. या जनुकाचें हें कार्य मनुष्यांत पाहिलेलें आहे, कीं दुसऱ्या प्राण्यावरून अनुमानिलेलें आहे? तो पुरावा प्रयोगाचा आहे, वंशवृक्षाचा आहे, कीं निवळ यंत्राचा? आमच्या अहवालांत जो बदल दिसतो, त्याच बदलानें रोग झाल्याचीं माणसें पाहण्यांत आहेत काय? आणि ही नोंद शेवटीं केव्हां तपासली गेली? कोश वरचेवर सुधारले जातात. पांच वर्षांपूर्वींच्या अहवालाचा अर्थ आज बदललेला असूं शकतो. चांगल्या वैद्यास या प्रश्नांचा राग येणार नाहीं. उलट ऐकणारा समजून घेऊं इच्छितो याचा त्यास संतोषच वाटेल. आणि या चारांचें उत्तर मिळेपर्यंत घरांतील कोणा मुलाचें वा मुलीचें भवितव्य एका ओळीवरून ठरवूं नये.

ज्या घरांत कोणी मुलगा किंवा मुलगी जीवशास्त्र शिकत असेल, तेथें आणखी एक सुचवावेंसें वाटतें. हे कोश सर्वांस विनामूल्य खुले आहेत. लायसोझाइमचें कुळ उघडून त्यांतील अल्फा-लॅक्टाल्ब्युमिनची शाखा शोधावी, आणि प्रत्येक नोंदीपुढील पुराव्याची खूण वडिलांस व आजोबांस वाचून दाखवावी. शास्त्र म्हणजे उत्तरांचा सांठा नसून उत्तरामागील कागद पाहण्याची संवय आहे, हें मुलांस कळेल. आणि ज्या पिढीनें घराण्याचे जुने दप्तर जपून ठेविलें, तिलाहि हें नवें दप्तर परकें वाटणार नाहीं, असा आम्हांस भरंवसा आहे.